हिरवा ठिपका, लाल फुली

४ ऑक्टोबर

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र दोन-चार दिवस तसंच टेबलावर टाकून ठेवणार, हे मी धरूनच चालले आहे. ठेवा. यात नासण्यासारखं काही नाही. एक साधी अडचण आहे, तेवढी विचारते आणि थांबते.

प्रायमर ओघळतो आहे. सपाट पत्र्यावर नीट बसतो, पण कड आली, भोक आलं, की तिथं थेंब धरतो आणि तसाच वाळतो. मग मी पॉलिश पेपर घेऊन तो थेंब घासत बसते. थिनर वाढवू की कमी करू? यांना विचारलं तर म्हणतात, "हाताला कळतं." माझ्या हाताला अजून काही कळलेलं नाही, नुसता दुखायला लागलाय.

हो, टोळ पुन्हा उघडलाय. तुम्ही दोघा भावांनी या शेडमध्ये बांधायला घेतलेलं ते विमान. पंख लागायच्या आधीच अंगणात इंजिन चालू केलंत आणि ते जागच्या जागी उड्या मारायला लागलं, तेव्हा मी त्याला टोळ म्हटलं होतं, ते तरी आठवत असेल. तुम्ही गेल्यावर यांनी ते एकट्यानं पुरं केलं, उडवलं, पुष्कळ वर्षं उडवलं. मग बढती, मग गुडघा, मग आळस, असं करत ते शेडमध्ये उभं राहिलं आणि शेपटीत उंदरांनी संसार थाटला. आता निवृत्त झाल्यावर यांच्या मनानं पुन्हा उचल खाल्ली आहे. सगळं सुटं केलंय. एकेक भाग धुवायचा, जुना रंग उतरवायचा, उघड्या धातूवर भिंग आणि टॉर्च घेऊन तडे नि गंज शोधायचा, मग प्रायमर, मग रंग. शेड भरली, ओसरी भरली, आता जेवणाच्या टेबलावर बिजागऱ्या वाळत असतात. परवा मी मीठ म्हणून कसली तरी पावडर उचलली होती.

घरी सगळं ठीक. यांची तब्येत उत्तम.

प्रायमरचं तेवढं कळवा. फोन करू नका. शेडमध्ये घंटी ऐकू जाते आणि मग कुणाचा होता म्हणून चौकशी होते.

तुमची वहिनी

२७ ऑक्टोबर

भाऊजी,

उत्तर पोचलं. "थिनर कमी. फवारायची गन वीतभर लांब. एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात. शेपटीच्या हलत्या भागांना रंग कमीत कमी, वजन वाढलं तर हवेत फडफडतील." आणि खाली सही. भाऊजी, हे पत्र आहे की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी? इतक्या वर्षांनी वहिनीला लिहिताना "कशी आहेस" एवढं लिहिलं असतं तर शाई संपली नसती. असो. ओघळ थांबले. दोघे भाऊ एकाच माळेचे मणी, बोलायचं ते पत्र्याशी आणि स्क्रूशी, माणसांशी नाही.

तुमच्या वेळची पद्धत अजून चालू आहे. ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नाही. एकानं करायचं, दुसऱ्यानं तपासायचं. पास असेल तर हिरवा ठिपका, नापास असेल तर लाल फुली, आणि फुलीवर अपील नाही. आता मी रंग उतरवते, घासते, फवारते आणि हे तपासतात. रंग उतरवायच्या त्या चिकट रसायनानं माझ्या बोटांची सालं निघालीत. हातमोजे घालते, तरी कुठून आत शिरतं कोण जाणे.

फुलीचा विषय निघालाच आहे तर एक लिहून टाकते. तुम्ही पंखाच्या मुख्य दांड्यावर लाल फुली मारलीत. सबंध हिवाळा खपून यांनी केलेला दांडा. हे बोलू नये ते बोलले, "तुला माझं काही बघवतच नाही." तुम्ही हत्यारांची पेटी उचललीत आणि गाव सोडलंत, मग देशही सोडलात. आणि तिकडून आपल्या आत्याबाईंना सांगितलंत, की दादा नापास दांड्यावर उडतोय, एक दिवस मरेल. ते माझ्यापर्यंत आलं.

भाऊजी, तो दांडा यांनी कधी बसवलाच नाही. तुम्ही गेल्यावर बरेच दिवस शेडचं दार उघडलं नाही. मग एका सकाळी नवा माल आणला आणि पहिल्यापासून दुसरा दांडा केला. जुना अजून आहे. शेडमध्ये दोन तारांवर आडवा टांगलाय आणि रंगवलेले भाग आम्ही त्यावर वाळत घालतो. तुमची फुली अजून वाचता येते. मी तेव्हाच म्हटलं होतं, कळवा त्याला. तर म्हणाले, "कळवायचं काय त्यात? नापास होता, नाही बसवला." सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

मग मी का नाही कळवलं? कारण मलाही तुमचा राग होता. भांडण तुमचं आणि यांचं. माझ्याशी काय होतं? मी तर दोघांना चहा देत होते. जाताना मला सांगूनसुद्धा गेला नाहीत.

जाऊ दे. अजून एक विचारायचं होतं. ओल्या प्रायमरला बोट लागलं तर तो भाग पुन्हा घासून फवारावा लागतो ना? हल्ली बऱ्याच भागांवर अंगठ्याचा ठसा निघतो. माझा नाही.

तुमची वहिनी

१५ नोव्हेंबर

भाऊजी,

दांड्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. पण पत्र तीन वेळा खोडून लिहिलंय, ते कागदावर दिसतं. मला तेवढं पुरलं.

आणि शेवटी विचारलंत, "ठसे दादाचे का? त्याला ओलं-वाळलं दिसत नाही का?" तपासनीस तो तपासनीसच. म्हणून आता खरं लिहिते. तब्येत उत्तम लिहिलं होतं, ते खोटं होतं.

यांना नीट दिसत नाही. समोरचं दिसतं, पेपर वाचतात, पण कडेकडेनं सगळं जात चाललंय आणि बारीक काही असेल, फिक्यावर फिकं असेल, तर कळतच नाही. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, "या वयात सगळ्यांचंच होतं, टॉर्चची बॅटरी बदल." बॅटऱ्या बदलून बदलून मी दमले.

गेल्या आठवड्यात सुकाणूला पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात त्यांनी स्वतः मारला. खालच्या कडेला ताटाएवढा हिरवट प्रायमर तसाच उघडा राहिला. मागं सरकून, मान तिरकी करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "झकास! एक ठिकाण सुटलं नाही." मी म्हटलं, "झकास." ते आंघोळीला गेले तेव्हा मी तेवढा तुकडा भरून काढला.

हे असं वर्षभर चाललंय, भाऊजी. कप त्यांच्या अगदी समोर ठेवायचा. पायरी आली की "जपून" असं न म्हणता आपणच तिथं काहीतरी बोलत थांबायचं. बोल्ट मापाप्रमाणे लावून ठेवायचे, म्हणजे यांना वाटतं आपणच ओळखून उचलला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी मी झाकत राहिले आणि आता यांचा पक्का समज झालाय, की डोळे ठणठणीत आहेत.

घोडं पेंड खातं ते पुढंच. रंगाचं काम संपलं, की जोडणी आणि जोडणी झाली की उड्डाण. एकट्यानं. पहिलं उड्डाण एकट्यानंच करायचं असतं म्हणे, शेजारी कुणाचा जीव नको. वैद्यकीय दाखल्याची मुदत अजून आहे, तो काढला तेव्हा बरं दिसत होतं. धावपट्टीवरच्या लोकांना सांगूनही ठेवलंय, थंडी सरली की येतो म्हणून.

म्हणून मी काम लांबवते. मारलेला हात सकाळी घासून काढते आणि सांगते, धूळ बसली होती. वर जास्तीचा रंग चढवता येत नाही, वजनाचं तुम्हीच लिहिलंत. म्हणून काढायचा आणि पुन्हा मारायचा. रंगवाला परवा म्हणाला, "वहिनी, एवढ्या पॉलिश पेपरात जहाज घासून झालं असतं." हसले मी. घरी येऊन खांदा शेकत बसले आणि रडले. या वयात दिवसभर काम करायचं ते पुरं होऊ नये म्हणून, याच्यासारखा थकवा नाही.

यांना कुणी सांगावं? तुम्हीच सांगा, मी काय करू?

तुमची वहिनी

३० नोव्हेंबर

भाऊजी,

"दादाला सांग. आजच." वा. अगदी बरोबर आहे. पण तुम्ही एकदा सांगितलंत आणि घर सोडून गेलात. मला सांगून कुठं जायचं आहे?

आता ऐका. शेपटीचा आडवा, वर-खाली हलणारा भाग ज्या ब्रॅकेटांवर बसतो, त्यातलं डावं. उघड्या धातूवर यांनी ते तपासलं होतं, भिंग लावून, टॉर्च मारून, चांगला वेळ घेऊन. हिरवा ठिपका दिला. मी प्रायमर मारला. कडेला एक थेंब राहिला होता तो घासताना बोल्टच्या भोकापाशी बारीक रेघ दिसली. केसाएवढी. म्हटलं, माझ्याच पॉलिश पेपरचा ओरखडा असेल.

हे न्हाव्याकडे गेले तेव्हा मी सगळा प्रायमर काढला. तडे दाखवणारं ते लाल औषध फवारलं, थांबले, स्वच्छ पुसलं, वरून पांढरा थर मारला आणि स्टुलावर बसून राहिले. तडा नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. असेल तर आत शिरलेला लाल रंग वर येतो. तो आला. भोकापासून थेट कडेपर्यंत. हे ब्रॅकेट हवेत तुटलं तर विमानाचं नाक वर उचलायचं साधनच जातं, एवढं आता मलाही कळतं.

लाल खडू समोर होता. फुली मारायची आणि टेबलावर ठेवायचं, बस. माझ्याच्यानं झालं नाही. मी ते ब्रॅकेट जुन्या साडीत गुंडाळलं आणि कपाटात चादरींच्या खाली दडवलं.

आता ते ब्रॅकेट हे शोधतायत. आधी मला विचारलं, "अगं, डावं ब्रॅकेट पाहिलंस?" मी म्हटलं, "मला काय माहीत, तुम्हीच कुठं ठेवलं असेल." मग सगळी टेबलं हातानं चाचपडली. डबे उपसले. उंदरांवर संशय घेऊन झाला. मी म्हटलं, उंदीर काय ब्रॅकेट खातात? काल जेवताना घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "माझं डोकं चालेनासं झालंय बहुतेक. ठेवलेलं आठवत नाही. सासऱ्यांसारखं होणार माझं." माझ्या वडिलांचं शेवटी काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे. माणसं ओळखत नव्हते.

डोळ्यांचं लपवायला गेले आणि यांना डोकं गेल्याची भीती घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला स्वतःची किळस आली.

उद्या सांगते. तुम्ही म्हणता म्हणून नाही.

तुमची वहिनी

१२ डिसेंबर

भाऊजी,

सांगितलं.

सकाळी चहा झाल्यावर ब्रॅकेट कपाटातून काढून त्यांच्यासमोर ठेवलं. आधी चेहरा एकदम खुलला. "कुठं होतं?" मी म्हटलं, "मी लपवलं होतं. तुमचं डोकं शाबूत आहे."

"का लपवलंस?"

"तडा आहे त्याला."

"शक्यच नाही. मी तपासलंय."

"अहो, मी लाल औषध मारून पाहिलं. अजून पुसलेलं नाही. बघा ना."

ते उठून खिडकीपाशी गेले. उजेडात धरलं, फिरवलं, उलटं केलं, पुन्हा फिरवलं. खिशातून भिंग काढलं. पांढऱ्यावर लाल रेघ, भाऊजी, मला दारातून दिसत होती. ते म्हणाले, "कुठं आहे? दाखव."

मी म्हटलं, "तुमच्या अंगठ्याखाली होती. आता समोर आहे."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील, म्हणतील तुलाही माझं बघवत नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "सुकाणू पण तू भरलंस का?" मी हो म्हटलं. "अजून काय काय?" मग मी सगळं सांगितलं. कप, पायरी, बोल्ट. प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते, किराण्याचा हिशेब तपासावा तसे. शेवटी म्हणाले, "फुली का नाही मारलीस?" त्यांनीच खडू उचलला आणि ब्रॅकेटवर फुली मारली. तिरकी गेली, अर्धी टेबलावर आली.

मग शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेले नाही. दुपारी जेवायला बोलवायला गेले तर रंग उतरवायच्या रसायनाचा वास. हिरवा ठिपका मिळालेला, प्रायमर झालेला, रंगवून वाळलेला एकेक भाग त्या टांगलेल्या दांड्यावरून काढून ते रंग उतरवत होते. सुकाणूसुद्धा. मी म्हटलं, "अहो, हे काय? त्या एकाच ब्रॅकेटला तडा होता."

"तुला कसं माहीत?"

"म्हणजे?"

"मी पास केलेलं आहे सगळं. म्हणजे कुणीच तपासलेलं नाही."

सहा-सात महिन्यांचं काम, भाऊजी. माझा खांदा, माझी बोटं. मी तिथंच उलट्या डब्यावर बसले. रागवायचंही त्राण नव्हतं. थोड्या वेळानं हातमोजे चढवले आणि दुसरं फडकं घेतलं. काय करणार? त्यांना कडा दिसत नाहीत, कडांचा रंग मीच उतरवायला पाहिजे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकेल. त्यांनी यांना विचारलं, गाडी चालवता का? हे म्हणाले, "गाडी नाही चालवत." बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपणहून धरला असेल.

तुमची वहिनी

१९ जानेवारी

भाऊजी,

हे पत्र यांना सांगून लिहिते आहे. आधीची तुम्हाला लिहिली, हेही सांगून टाकलं. "प्रायमरचं एवढं नेमकं तुला कोण शिकवत होतं, ते मला दुसऱ्याच पत्राला कळलं," म्हणाले. घरात आंधळं कोण होतं, देव जाणे.

त्यांनी मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "त्याला लिही, सगळे भाग उघडे केलेत. एकावरही रंग नाही. तपासायला माणूस पाहिजे. माझे डोळे गेले आणि त्याच्या वहिनीला फुली मारवत नाही. पुढं उडवायलाही माणूस पाहिजे. ये असं लिहू नकोस. पाहिजे असं लिही." मी विचारलं, माफीचं काही लिहू का? म्हणाले, "ते समोरासमोर." त्यांचं लिहून झालं. आता माझं.

तुम्ही उडवणं सोडलेलं नाही, हे आत्याबाईंकडून कळतं. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगते, त्यांना कळू देऊ नका.

काल मी त्यांचे थेंब आणायला गेले आणि दुकान बंद म्हणून लवकर परतले. शेडच्या खिडकीतून पाहिलं. टोळाचा नुसता सांगाडा उभा आहे, ना पंख ना शेपटी. आत दोन्ही खुर्च्या मात्र यांनी परत बसवल्या होत्या. मला वाटलं, झालं, पुन्हा खूळ घेतलं. डावीकडची खुर्ची चालवणाऱ्याची, तिथं दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी बसू दिलं नाही.

ते डावीकडे गेलेच नाहीत. कडेवर हात ठेवून नाकापुढून वळसा घालून उजवीकडे आले. तिथं मी बसायचे. चढताना पाय कुठं ठेवायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्या बाजूनं कधी चढलेच नव्हते ना. दोनदा चुकले. मग बसले. पट्टा शोधून लावायला फार वेळ गेला. पुढ्यात चालवायचा दांडा होता, उजवीकडेही असतो. त्याला हात लावला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, नवीन शाळेतल्या पोरासारखे. आणि डावीकडे मान वळवून, कुणी शेजारी असावं तसे, बोलायला लागले. काच मध्ये होती, शब्द कळले नाहीत. पण खूप वेळ बोलत होते. या माणसाला एवढं बोलताना मी लग्नानंतर पाहिलेलं नाही.

मी मागच्या मागं फाटकापर्यंत गेले आणि फाटक मुद्दाम जोरात आपटून आत आले, म्हणजे त्यांना उतरायला अवधी मिळावा.

आता या, भाऊजी. आणि येण्याआधी स्वतःचे डोळे तपासून घ्या, तुमचंही वय झालंय. या वेळी मला कुणाचं काही झाकायचं नाही.

तुमची वहिनी